मऊ पेडलची चौकशी



या मंडपात गेले आठ दिवस आपण संतवाङ्मयावर ऐकले, शेतीच्या पाण्यावर ऐकले, काल तर नाट्यसंगीतावर फार रसाळ असे व्याख्यान झाले. आज एका कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले आहे. चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही म्हणालो, मोटारीच्या ब्रेकवर बोलू. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा गैरसमज झाला होता की आम्ही ब्रेक हा शब्द अलंकारिक अर्थाने वापरतो आहोत. तसे मुळीच नाही. पायाखालचे जे पेडल, ते दाबले असता मऊ का लागते, आणि गाडीला नवे व चांगले ब्रेक बसवल्यानंतरच ते अनेकदा मऊ का लागू लागते, एवढाच आमचा विषय आहे.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि गॅरेजच्या दारात. यंत्रशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही, आणि जे सांगणार आहोत ते शिकण्याची हौस होती म्हणून शिकलो असेही नाही. एका चालकाची नोकरी आणि अब्रू वाचवायची होती, म्हणून शिकावे लागले.

ही गोष्ट २००६ सालच्या मे महिन्यातली. आमच्या सातारा भागात वडाप म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. एका मालकाच्या तीन जुन्या बनावटीच्या जीप होत्या. त्यांपैकी एका जीपला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक होते. मालकाने मोडीतून एका नव्या बनावटीच्या गाडीच्या पुढच्या डिस्क आणि कॅलिपर आणले आणि फिटरकडून ते या जुन्या जीपला बसवून घेतले. हेतू चांगलाच होता, हे आम्ही मालकाच्या बाजूने प्रथमच सांगून टाकतो. दहा दिवसांनी ती जीप पसरणी घाट उतरत असताना एका वळणावर पेडल तळापर्यंत गेले. चालकाने गियर खाली पाडला, हातब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. दरीच्या बाजूला घेतली असती तर आज हे व्याख्यान झाले नसते. गाडी दरडीवर आपटली. एका वृद्ध प्रवाशाचा पाय मोडला, बाकीच्यांना खरचटण्यावर निभावले. चालकावर त्या वेळच्या भारतीय दंडविधानाच्या २७९ व ३३८ या कलमांखाली, म्हणजे बेदरकारपणे व हयगयीने गाडी चालवून जबर दुखापत केल्याबद्दल, गुन्हा नोंदला गेला. मालकाने त्याला कामावरून काढले आणि महिन्याचा पगार अडकवून ठेवला.

पोलीस ठाण्याच्या आवारात जीपची तपासणी झाली. तपासणाऱ्याने आत बसून पेडल दाबले, एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी ते वर आले. ब्रेक कार्यक्षम आहेत असा शेरा पडला. चालक आमच्या कचेरीत आला आणि म्हणाला, “साहेब, तिसऱ्यांदा दाबायला घाटात वेळ नसतो हो.” हे वाक्य ऐकले आणि आम्हांला वाटले की या पेडलचे शास्त्र समजून घेतल्यावाचून या माणसाचा बचाव करता येणार नाही.

तेव्हा आधी शास्त्र. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल नावाचा विद्वान होऊन गेला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला असता तो सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा त्याचा सिद्धान्त. त्यासंबंधीचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. मोटारीचे ब्रेक या सिद्धान्तावर चालू लागायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९२१ साली अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांना द्रवाचे ब्रेक बसवलेले होते. डिस्क ब्रेकचा बोलबाला झाला तो १९५३ साली, ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वार गाड्यांनी डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली तेव्हा. इतिहास इथेच सोडतो, कारण आपल्याला घाट उतरायचा आहे.

चालक पेडल दाबतो. पेडल ही एक तरफ आहे. तिच्यामुळे पायाचा जोर साधारण पाच पट होतो, आणि पायाचे अंतर तितकेच घटते. तरफेचे दुसरे टोक मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते. तेथून ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडे जाते आणि चाकाकडचे दट्टे बाहेर सरकवते. ड्रमच्या ब्रेकमध्ये हे दट्टे लायनर लावलेले बूट ड्रमच्या आतल्या अंगाला दाबतात. डिस्कच्या ब्रेकमध्ये कॅलिपरमधला दट्ट्या पॅडला डिस्कवर चिमट्यासारखा आवळतो.

ड्रम काढून डिस्क का बसवतात? ड्रम तापला की पसरतो, म्हणजे लायनरपासून दूर जातो. चालकाला पेडल आणखी खाली दाबावे लागते. लांब उतारावर लायनरही तापून पकड सोडतो. पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी शिरले तर पुढची दहा-वीस यार्डे रामभरोसे. डिस्क उघडी असते, वाऱ्याने लवकर निवते, पाणी झटकून टाकते, आणि तापून जाड झालीच तर पॅडच्या दिशेनेच होते. तेव्हा डिस्क बसवणे ही सुधारणाच आहे, यात शंका नाही. पण ड्रमला एक गुण आहे तो डिस्कला नाही. ड्रमचा पुढचा बूट फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो व पायाला मदत करतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही, म्हणून तिला दाब अधिक लागतो आणि म्हणून कॅलिपरचा दट्ट्या मोठा करावा लागतो. मोठा दट्ट्या म्हणजे जास्त तेल. इथून अडचण सुरू होते.

थोडा हिशेब करू. कंटाळा येणार नाही असा आम्ही प्रयत्न करतो. समजा मास्टर सिलिंडर १९ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि कॅलिपरचा दट्ट्या ४८ मिलिमीटरचा. प्रत्येक दट्ट्याला अवघे पाव मिलिमीटर सरकायचे आहे. दोन चाकांचे मिळून तेल लागते सुमारे ९०० घन मिलिमीटर. त्यासाठी मास्टरचा दट्ट्या ३.२ मिलिमीटर पुढे जातो आणि पेडल त्याच्या पाच पट, म्हणजे १६ मिलिमीटर. आता कॅलिपर ५४ मिलिमीटरचा घेतला की तेच काम करायला पेडल २० मिलिमीटर जाते. मागच्या ड्रमचे तेल आणखी वेगळे. यावर कोणी म्हणेल, मग मास्टरही मोठा बसवा. बसवा, पण २२ मिलिमीटरचा बसवलात तर तेवढाच दाब आणायला पायाला जवळजवळ एक तृतीयांश जोर जास्त लावावा लागेल, आणि बूस्टर नसलेल्या जुन्या जीपमध्ये तो जोर चालकाच्या मांडीतून यायचा. पाय, तरफ, मास्टर, बूस्टर आणि कॅलिपर हे एकमेकांशी जुळलेले असावे लागतात. मोडीच्या बाजारात जो कॅलिपर स्वस्त मिळाला तो आणून बोल्ट बसले म्हणजे ब्रेक बसले, असे होत नाही.

पण हे झाले लांब पेडलचे. लांब पेडल आणि मऊ पेडल या दोन वेगळ्या व्याधी आहेत, आणि तिसरीही एक आहे. आम्हांला हे ज्या वृद्ध मिस्त्रींनी शिकवले, त्यांना सारा बाजार वस्ताद म्हणे. ते म्हणत, आधी पायाला विचारा, पाना नंतर उचला. पेडल बरेच खाली जाऊन मग दगडासारखे घट्ट होत असेल, तर तेल कमी पडते आहे किंवा फट जास्त आहे. मागचे ड्रम ॲडजस्ट केलेले नसले की हमखास असे होते. पुढे डिस्क बसवण्याच्या नादात मागच्या ड्रमकडे कोणी पाहत नाही! पेडल दाबून धरले असता सावकाश खाली बसत जात असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरमधले रबरी वॉशर तेल मागे सोडत आहेत. आणि पेडल रबरी चेंडूसारखे दबत असेल, पायाखाली उसळत असेल, तर नळ्यांत हवा आहे.

हवा किती वाईट, तर ऐका. तेल दाबाखाली जवळजवळ आक्रसत नाही, हवा आक्रसते. जोराने ब्रेक मारला असता नळ्यांतला दाब वातावरणाच्या पन्नास पटींवर सहज जातो, आणि त्या दाबाखाली हवेचा बुडबुडा पन्नासाव्या हिश्श्याएवढा होतो. म्हणजे तो नाहीसाच झाला म्हणा. कुठे एक घन सेंटिमीटर हवा राहिली, जेमतेम करंगळीच्या टोकाएवढी, तर ती चेपण्यातच वरच्या हिशेबाने पेडलचे १७-१८ मिलिमीटर खर्च होतात. दोन घन सेंटिमीटर राहिली तर साडेतीन सेंटिमीटर. एवढे अंतर नुसते वाया जाते.

ही हवा काढायची कशी, ते गॅरेजच्या शेजारी राहणाऱ्यांनी रोज ऐकले असेल. आत पोऱ्या बसतो, खाली वस्ताद. “मार... मार... धर!” पोऱ्या पेडल धरून ठेवतो, वस्ताद चाकाजवळचे निपल अर्धा आटा सैल करतो, नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात, निपल आवळले जाते, आणि मग “सोड.” निपल आवळण्याआधी पाय सुटला की बाहेरची हवा परत आत. मास्टर सिलिंडर नवा असेल तर त्याची हवा आधी काढावी, मग बहुतेक जुन्या गाड्यांत मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्याकडे यावे. डबी मधेच रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर केलेले सारे काम पाण्यात. घाईघाईने धडाधड पेडल मारू नये; मोठा बुडबुडा फुटून त्याचे शंभर लहान होतात आणि ते निघता निघत नाहीत. गाडी जुनी असेल तर पेडल पार तळाला नेऊ नये, कारण मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात दट्ट्या वर्षानुवर्षे गेलेला नसतो तिथे गंज आणि गाळ धरलेला असतो. वॉशर त्यावरून गेला की फाटतो. हवा काढायला बसलेला माणूस अशा रीतीने चांगला मास्टर बिघडवून उठतो आणि मग दुकानदाराला शिव्या देतो.

आमच्या जीपची हवा दोनदा काढली होती. तेलाच्या तीन बाटल्या संपल्या होत्या. फिटरने आम्हांला ते शपथेवर सांगितले, आणि ते खरे होते. तरी पेडल मऊ. का?

वकिलांनी अर्ज करून दुसऱ्या तपासणीची परवानगी मिळवली. गाडी तोवर ठाण्याच्या आवारातच उभी होती, म्हणून ती जशीच्या तशी हाती आली. आमच्या वतीने वस्ताद आले. सत्तरी उलटलेली, डोळ्यांना जाड भिंगे. ते पेडलवर बसलेच नाहीत. खाली वाकून त्यांनी पुढच्या डाव्या चाकाच्या आत हात घातला, मग उजव्या चाकाच्या आत घातला, आणि तपासनिसांना म्हणाले, “साहेब, निपल कुठं आहे ते बघा.” निपल कॅलिपरच्या खालच्या अंगाला होते.

सभेत बसलेल्या मोटारवाल्यांनी हसायला सुरुवात केली आहे. इतरांसाठी सांगतो. डावा कॅलिपर आणि उजवा कॅलिपर हे हातांच्या पंजांसारखे असतात, एक दुसऱ्याचे प्रतिबिंब. पण बोल्टांची भोके अनेकदा दोहोंची सारखीच असतात, त्यामुळे डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे निमूटपणे बसतो. बसतो तो उलटा होऊन. हवा हलकी, ती नेहमी वर जाणार. निपल वर असेल तर ती निघून जाईल. निपल खाली आले की कॅलिपर पालथ्या वाटीसारखा होतो; खालून तीन काय, तीस बाटल्या तेल सोडा, वाटीतली हवा वाटीतच राहील. बाटलीत बुडबुडे येत नाहीत, म्हणून फिटरला वाटते हवा संपली.

तपासनिसांनी स्वतः पाहिले. मग आत बसून त्यांनी पेडल एकदाच दाबले आणि दाबून धरले. ते फळीपासून बोटभर अंतरावर जाऊन थांबले. पाच मिनिटे थांबून पुन्हा एकदाच दाबले, पुन्हा तिथेच. लागोपाठ दाबले की मात्र वर येई, कारण प्रत्येक फेरीत डबीतले थोडे तेल आत शिरून मागच्या सैल ड्रमची फट भरून निघे आणि हवाही थोडी चेपलेली राही. वर आलेले ते पेडल घट्ट होते का, तर नव्हते. पायाखाली खेळत होते. पहिल्या शेऱ्याबद्दल त्या गृहस्थांनी हट्ट धरला नाही. जे पाहिले ते त्यांनी नव्याने लिहून दिले, याची नोंद आम्ही इथे आदराने करतो. मग सर्वांसमक्ष कॅलिपर उतरवून अदलाबदल केली, मागचे ड्रम ॲडजस्ट केले, रीतसर हवा काढली. डाव्या बाजूने जे बुडबुडे आले ते सोड्याच्या बाटलीसारखे! पेडल वर आले. थोडे लांब राहिले, ते मास्टर लहान होता म्हणून. पण पहिल्याच दाबाला घट्ट झाले.

आता अवघड भाग. चालकाचा बचाव झाला, पण बोट कोणाकडे वळले? फिटरकडे. तोही आमच्याच संघटनेचा सभासद. मालक ताबडतोब म्हणू लागला की सारी चूक फिटरची. आमच्या कचेरीत त्या संध्याकाळी दोन कामगार समोरासमोर बसले होते आणि एकमेकांकडे पाहत नव्हते. कॅलिपर उलटे बसवणे ही फिटरची चूक होती, हे आम्ही त्याच्या तोंडावर सांगितले. सभासद आहे म्हणून निपल वर जात नाही. पण पुढे विचारता विचारता असे निघाले की त्याने मालकाला सांगितले होते, पेडल मऊ आहे, गाडी आणखी एक दिवस ठेवा, रबरी होज पाइप जुने आहेत तेही दाबाखाली फुगतात, ते बदलू. चालकानेही पहिल्याच संध्याकाळी सांगितले होते. ऐन लग्नसराई होती. मालकाने दोघांनाही एकच उत्तर दिले, दोनदा पाय मारून घेत जा. फिटरला मजुरी नगावर होती. जास्तीच्या दिवसाचे त्याला काही मिळणार नव्हते. या साऱ्या संभाषणाचा कागदावर एक शब्द नव्हता.

मालकाने शेवटी वृद्ध प्रवाशाच्या औषधपाण्याचा खर्च दिला आणि चालकाचा पगारही दिला. कामावर मात्र परत घेतले नाही. फौजदारी प्रकरण पाच वर्षे चालले. २०११ साली चालक निर्दोष सुटला. त्या पाच वर्षांत तो टेम्पो चालवीत होता आणि प्रत्येक तारखेला एका दिवसाची रोजी बुडवीत होता. फिटरने गॅरेज सोडले नाही. कॅलिपर हातात घेतला की तो आधी निपलला बोट लावून पाहतो, असे त्याचे सोबती हसत सांगतात. तो हसत नाही.

संघटनेने त्यानंतर एक साधी कार्बनची वही छापून घेतली. चालकाने सकाळी इंजिन सुरू करण्याआधी आणि केल्यावर पेडल एकेकदाच दाबायचे, कुठे थांबले ते लिहायचे, एक प्रत मालकाला द्यायची आणि दुसरीवर त्याची सही घ्यायची. बूस्टरच्या गाडीत इंजिन सुरू होताच पेडल थोडे खाली जाते, तो बूस्टरचा गुण आहे, दोष नव्हे. हेही वहीच्या पहिल्या पानावर छापले आहे, कारण सुरुवातीला आमच्या कित्येक सभासदांनी तेवढ्यावरून गाड्या उभ्या केल्या. मालक लोक सही करायला कुरकुर करतात. काही करतातच नाहीत. मग चालकाने तसे लिहून ठेवावे, असे आम्ही सांगतो.

तेलाविषयी एक राहिले. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ४ जातीचे ताजे तेल २३० अंश सेल्सियसच्या आत उकळता कामा नये असा दंडक आहे. पाणी शोषलेल्या तेलाला तो १५५ अंशांचा आहे. घाट उतरताना कॅलिपर भट्टीसारखा तापतो. तेल उकळले की त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच चेपते. म्हणजे सकाळी घट्ट असलेले पेडल दुपारी घाटात मऊ होऊ शकते, आणि गाडी थंड झाल्यावर तपासली तर पुन्हा घट्ट लागते. कोकणात उतरणाऱ्या गाड्यांनी हे विशेष सांभाळावे. फळीवर बूच उघडे पडलेली अर्धी बाटली वापरू नये, दोन वर्षांनी तेल बदलावे, आणि इंजिनचे ऑइल त्यात चुकूनही घालू नये. सारे रबर फुगून बसते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी पुढे सरकवली आहे. मंडपाच्या दाराशी एका टेबलावर आमच्या दोन तरुण सभासदांनी इंजेक्शनच्या सुया काढलेल्या दोन पिचकाऱ्या, एक लहान व एक मोठी, पारदर्शक नळीने जोडून ठेवल्या आहेत. लहान दाबली की मोठी सरकते. नळीत एक बुडबुडा सोडून पुन्हा दाबून पाहा. शेजारी एक जुना कॅलिपरही ठेवला आहे, तो उजवा आहे की डावा ते ओळखायचे. पिचकाऱ्यांत पाणीच भरले आहे, ब्रेक ऑइल नाही, कारण ते रंग खाते आणि टेबल मंडपवाल्याचे आहे. मुलांना पुढे येऊ द्यावे, ही विनंती.